डॉटीच्या मागोमाग

बाळांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही मक्याच्या शेतात उभे आहात. मका तुमच्या बाबांहून उंच. त्यात वळणावळणाच्या वाटा कापलेल्या, आणि लोक चक्क तिकीट काढून त्यांत हरवायला आलेले! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, हाल्वर आजोबांच्या शेतात ऑक्टोबरातल्या दर शनिवारी हेच चालायचं.

आजोबांना मात्र ते पटत नसे. "माझं शेत म्हणजे काय जत्रा आहे? पुढच्या वर्षी सगळीकडे सोयाबीन लावतो. बघू मग कुठे हरवतात!"

नातीचं, इंगाचं, तोंड एवढंसं झालं. या शनिवारांची ती वर्षभर वाट बघे. फुरंगटून ती गोठ्यातून निघाली, आणि फाटकाची कडी लावायची राहिली.

थोड्याच वेळात डॉटी गाय मक्यात! ती नुसती हिंडली नाही, वाटांच्या कडेच्या मक्याच्या भिंतीच खात सुटली. जिथे वाट नव्हती तिथे वाट झाली. लोकांच्या हातातले नकाशे कुचकामी ठरले.

"अहो, हे बुजगावणं मघाशी बघितलं ना?"

"तुम्हीच म्हणालात डावीकडे!"

"माझंच शेत आहे, आत्ता बाहेर आणतो सगळ्यांना," म्हणत आजोबा तरातरा आत शिरले. मागे इंगा. फिरून फिरून दोघं त्याच बुजगावण्यापाशी!

"आजोबा, आपण हरवलो?"

"छट्! मी मका तपासतोय."

"तोच मका? पुन्हा?"

एवढ्यात धार काढायची वेळ झाली. डॉटी हंबरली आणि थेट गोठ्याकडे चालू लागली.

"तिच्या मागे चला!" इंगा ओरडली.

झालं! पुढे डॉटी, मागे आजोबा, त्यांच्यामागे हसून हसून मुरकुंडी वळलेली माणसं. वरातच निघाली! गोठ्यात सगळ्यांनी डोळे विस्फारून धार बघितली. आजोबा तर डॉटीच्या आईपासूनच्या गोष्टी सांगत सुटले.

"अशी मजा कुठेच नाही आली!" एक बाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी गाय असेल ना?"

आजोबांनी टोपी नीट केली. "म्हणजे काय! गायीशिवाय कसलं आलंय हरवणं?"

"आणि सोयाबीन?" इंगाने हळूच विचारलं.

"लावू की, ओढ्यापलीकडे. पण काय गं, कडी कुणी उघडी टाकली?"

इंगा घाईघाईने डॉटीला चारा घालू लागली.

पुढच्या शनिवारी पहिली गाडी आवारात शिरताच इंगा गुपचूप फाटकापाशी गेली. बघते तर कडी आधीच काढलेली, आणि आजोबा पलीकडे आभाळाकडे बघत शीळ घालतायत.

इंगाने काय केलं? फाटक हळूच ढकललं आणि डॉटीला मक्याचं कणीस दाखवलं.