भाकरेकाकांचं पिवळं कार्ड

अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन भर बाजारातून शांतपणे चालणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल, तर आमच्या रांझीत या. भाकरेकाका दाखवतो.

काका माझे शेजारी, फॅक्टरीतले निवृत्त फोरमन. सोबत कायम त्यांची एकोणीस वर्षांची लेक, मिनू. मिनू बोलत नाही. तिच्या गळ्यात एक पिवळं कार्ड असतं, त्यावर ‘पुरे’ लिहिलंय. तिनं ते हातात दिलं की काका असतील तिथून उठतात आणि तिला घेऊन निघतात. सलूनच्या खुर्चीतून, लग्नाच्या पंगतीतून. एकदा तर सत्यनारायणाच्या पाटावरून. गुरुजी पळी धरून बघतच राहिले. “वरून ऑर्डर आली,” काका एवढंच म्हणतात.

पोरगी बापाला नाचवते, असं गल्लीत सगळे म्हणतात. माझं डोकं फिरतं. कारण आधीची मिनू मी पाहिलीय. गोंगाट झाला की ती स्वतःचं मनगट रक्त येईस्तोवर चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. कुणी अंगारा सुचवला, कुणी चापट. तिच्या विशेष शाळेतल्या नव्या दीदींनी मात्र महिनाभर नुसतं पाहिलं आणि विचारलं, ही यातून सांगते काय? मग तेच सांगायला कार्ड द्यायचं, हे तिला शिकवलं. कार्ड दिलं की गोंगाटातून सुटका. चावायचं कारणच उरलं नाही.

आता दीदींचा पुढचा धडा होता: कार्ड दिल्यावर जरा थांबायलाही शिकवा, बाहेर सगळे लगेच ऐकणार नाहीत. सुरुवात दहा सेकंदांची. काका मोजायला बसायचे आणि तीनलाच उठायचे. दीदी वैतागल्या. मीही काकांकडे गेलो आणि थांबायला शिकणं तिच्याच भल्याचं आहे, यावर तावातावानं भाषण ठोकलं.

काका मिनूच्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “बारा वर्षं मी हिचे हात दाबून धरले, बेटा. ती सांगून राहिली होती, अन् मी तिला गप्प करून राहिलो होतो. आता अजून काहून थांबवू?”



तरी एकेक आकडा पुढे सरकत, काल त्यांनी पहिल्यांदा दहापर्यंत मोजलं. मिनूला जमलं. काकांना डोळे पुसावे लागले.

यंदा मंडळाच्या गणपतीला दोघं येणार आहेत. मिनूनं ते कार्ड तुमच्या हातात ठेवलं, तर आधी लाऊडस्पीकर बंद करा. दहा मोजायला तिचे वडील आहेत. तुम्ही मोजू नका.