गोरोबांचा दुःखी कालावधी

माकणीचे गोरोबा, वय अठ्ठ्याहत्तर, आनंदी होते. ही गंभीर बाब वरच्या कचेरीच्या ध्यानात यायला तसा उशीरच झाला.

त्यांचा उद्योग एकच. ज्वारीची चिपाडं सोलायची आणि बाभळीचे काटे टोचून इवल्या बैलगाड्या करायच्या. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे गावच्या येळवसेला, शेतातल्या पंगतीत कडब्याच्या कोपीपुढं गोरोबांची गाडी नसेल तर घास गोड लागत नाही, असं गाव चाळीस वर्षं म्हणत आलं होतं. यंदा हात थरथरायला लागले होते. पुढच्या वर्षीचं काय सांगावं, म्हणून अकरा शेतांच्या अकरा गाड्यांसाठी ते भाद्रपदातच बसले.

तेवढ्यात 'ज्येष्ठ सर्जनशीलता व जीवनमान उन्नयन अभियान' गावात आलं. समन्वयक शिवांजली मॅडमनी टॅब उघडला.

"बाबा, तुम्ही आनंदी आहात?"

"व्हय की."

मॅडमचा चेहरा उतरला. "मग उन्नयन कशाचं करायचं? प्रारंभिक स्थिती 'असमाधानी' लागते."

"मंग सिद्रामप्पाला घ्या. लई कुरकुरतो."

"त्यांनी आम्हाला काठी दाखवली. ते निकषात बसत नाहीत."

सरपंच बलभीमनं गळ घातली. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय, काका. तीनच म्हैने दुःखी व्हा."

गोरोबा मुलखाचे भिडस्त. बरं म्हणाले. चाकू आणि चिपाडांची पेंढी रीतसर पंचनामा होऊन ग्रामपंचायतीच्या कपाटात सीलबंद झाली.

पहिल्या महिन्यात ते मांडीवर हात ठेवून बसले. दुसऱ्यात भाकरी अर्ध्यावर आली. तिसऱ्यात बोलणं बंद झालं. मॅडमनी शेरा मारला, 'प्रगती समाधानकारक.' मग प्रशिक्षण सुरू झालं. रंगवायच्या पुस्तकात नेमकी बैलगाडीच निघाली. इतक्या दिवसांनी गोरोबांना कंठ फुटला.

"हिला जू न्हाय. बैल जुपायचा कुठं?"

"रेषेबाहेर जाऊ नका, बाबा. गुण कापले जातात."

"परवा येळवस हाय. माजा चाकू तेवढा द्या."

"अंतिम मूल्यमापनानंतर. मध्येच आनंदी झालात तर आकडे बिघडतील."

वेळ अमावस्येला कोपीपुढंच समारंभ झाला. जीवनमान दोनवरून चारवर, म्हणजे सरळ दुप्पट. रंगवलेली गाडी चौकटीत बसवून गोरोबांच्या हाती दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर आणि आंबिलावर ताव मारला. चिपाडाची गाडी कुठंच नव्हती, पण घास कुणाचाच अडला नाही.

शेवटी कुटुंबानं भरायचा एक रकाना उरला: 'प्रशिक्षणापूर्वी ज्येष्ठ काय करीत असत?' गोरोबांच्या थोरल्यानं, बालाजीनं, तोंडातला घास संपेपर्यंत विचार केला आणि लिहिलं, 'काही नाही. बसून असत.'

शेजारी बसलेल्या गोरोबांनी ते वाचलं. त्यांच्या काळजाचं पाणी झालं. मॅडमनी तत्परतेनं नोंद केली: पुन्हा असमाधानी, दुसऱ्या टप्प्यासाठी पात्र.

अभियान आता तुमच्या गावाकडं निघालं आहे. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसासाठीही तोच रकाना आहे. काय लिहाल, ते आताच आठवून बघा.