नऊशे ग्रॅमचा शंभू

चूक माझी एवढीच, की जेवण झाल्यावर मी दोन मिनिटं खुर्चीत टेकायचं ठरवलं.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून (स्वेच्छा बँकेची, निवृत्ती माझी) मी घरी मोकळाच असतो. ते बघून आमच्या लेकीने, राजनंदिनीने, चिवावा जातीचं पिल्लू आणलं. स्वतः साडेसातच्या कंपनीच्या बसने हिंजवडी गाठते, पिल्लू माझ्या गळ्यात! नाव शंभू, वजन नऊशे ग्रॅम, पाय काडेपेटीतल्या काड्यांएवढे. फ्रिजवर सूचनांचा प्रिंटआउट चिकटवलेला: उचलताना एक हात छातीखाली, एक बुडाखाली. सोफ्यावरून उडी मारू देऊ नये. आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत: 'कपड्याखाली शिरून झोपतो. बसण्यापूर्वी बघावे. (बाबांसाठी.)'

शिवाय त्याला 'सिट' शिकवायचं कामही माझ्याकडेच. (कुत्र्याशी इंग्रजीतूनच का बोलायचं, देव जाणे. सदाशिव पेठेतसुद्धा हेच चालतं.) तीन आठवडे मी बिस्किटाचा तुकडा धरून 'सिट, सिट' करत होतो. तो उभ्यानेच माझ्याकडे बघायचा. शेवटी मलाच दया यायची आणि बिस्कीट त्याच्या पोटात जायचं.

तर त्या दुपारी मी टेकलो. खुर्चीवर माझा पंचा पसरलेला होता. खालून आवाज आला, कर्रर्र!

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. वर सत्त्याऐंशी किलो, खाली नऊशे ग्रॅम! उठावं तर बघावं लागणार, बसून राहावं तर... मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन अधांतरी झालो आणि बायकोला हाक मारली.

"द्वारका! अगं, मी बसलो!"

"बसा की. कोण नको म्हणतंय?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"पंच्यावर बसलो गं!"

आत भांडं आपटलं. "अरे देवा! मोडल्याचा आवाज आला का?"

"आला!"

"मग झालं कल्याण! नाजूक असतं, जपा, जपा म्हणून सांगून घसा कोरडा झाला माझा."

"मला बघवणार नाही. डॉक्टरांना बोलावू?"

"डॉक्टर येऊन चिकटवणार आहेत का? पंच्यात तसंच गुंडाळून आणा इकडे. चुरा झाला असला तरी टाकू नका. संध्याकाळी तळते. राजनंदिनीला आवडतो."

सत्तावीस वर्षं मी ह्या बाईच्या हातचं जेवत होतो!

तेवढ्यात ती बाहेर आली. तिच्या कमरेला खोचलेल्या पदराच्या झोळीत शंभू गाढ झोपला होता. एक कान तेवढा बाहेर.

"हा... हा इथे?"

"मग कुठे? तुम्ही ताक ओरपत होतात तेव्हापासून इथेच आहे. अहो, गॅलरीत कबुतरं आणि जमिनीवर हा, म्हणून मी कुरडया खुर्चीत पंच्याखाली वाळत घातल्या होत्या. घरात माणसं बघून बसतात, असा माझा समज."

मी हुश्श करून उठलो. पंच्याखाली कुरडयांचं पीठ झालं होतं. इतकं सुंदर पीठ मी जन्मात पाहिलं नव्हतं. शंभूला घेतलं, एक हात छातीखाली, एक बुडाखाली, अगदी सूचनेप्रमाणे. त्याने जांभई देऊन माझं नाक चाटलं आणि मी चक्क रडलो.

"पुरे. आता त्याला भिजवू नका," द्वारका म्हणाली. तिचाही आवाज जरा ओला होता.

संध्याकाळी राजनंदिनी आली तरी मी उभाच होतो. बसायचा धीरच होत नव्हता. शेवटी द्वारकाने खुर्चीतली उशी उचलून झटकली, खाली वाकून बघितलं आणि बोट दाखवून म्हणाली, "हं, सिट!"

मी मुकाट्याने बसलो. तिने माझ्या हातावर तळलेल्या कुरडईचा तुकडा ठेवला.

शंभू हे सगळं टक लावून बघत होता. त्याने एकदा तुकड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बूड टेकून बसला!

"आई, बसला!" राजनंदिनी टाळ्या पिटत ओरडली. "बाबांचं बघून शिकला! तीनच आठवड्यांत!"

"हुशार आहे गं तो," द्वारका त्याला तुकडा देत म्हणाली. "ह्यांना सत्तावीस वर्षं लागली."