पोटात गेलेले तेल

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका दारापुढे तेलाचा एक डबा उपडा झाला. तेल सूर्यफुलाचे होते, दार घाणेवाल्या बाईंचे होते आणि डबा निसटला तो बाईंच्या यजमानांच्या हातून. बाईंनी लाकडाचा भुसा आणून तेलावर पसरला, यजमानांना चार शब्द सुनावले आणि घाणा पुन्हा चालू केला. तेल सांडले की शहाणी माणसे एवढेच करतात. पण भुसा येईपर्यंत एक ओघळ गटाराच्या जाळीपर्यंत पोचला होता, आणि ते गटार पुढे नदीला मिळत होते.

दुपारी पर्यावरण खात्याचे निरीक्षक हजर झाले. अंगात नखशिखान्त पांढरा रबरी पोशाख, हातात मोजे, मागे दोन मदतनीस आणि त्यांच्या खांद्यावर, जहाज फुटल्यावर समुद्रात सोडतात तो, नारिंगी रंगाचा तरंगता अडथळा. अडथळा समुद्राच्या मापाचा होता. गल्लीत मावेल तेवढा गटाराभोवती गुंडाळला आणि उरलेला न्हाव्याच्या दुकानात ठेवला. अर्धी दाढी झालेले एक गिऱ्हाईक त्यावर पाय ठेवून बसले. शेजारची मांजर सांडलेले तेल चाटताना आढळली, म्हणून तिची ‘बाधित वन्यजीव’ अशी नोंद करून तिला साबणाने धुण्यात आले. दुसऱ्या धुण्याला ती मदतनिसाला ओरबाडून पळाली. निरीक्षकांनी ‘पुनर्वसन पूर्ण’ असा शेरा मारला.

“साहेब, हे खायचं तेल आहे हो,” बाई म्हणाल्या.

“कायद्याला तेल म्हणजे तेल,” निरीक्षक म्हणाले. “दगडातून निघालेलं असो, बियांतून निघालेलं असो. चरबी, लोणी, सगळं त्यातच येतं.”

“मग तुमच्या डब्यात पावाला लावलंय ते लोणी?”

निरीक्षकांनी जेवणाच्या डब्याचे झाकण घट्ट दाबले. “ही बंदिस्त साठवण आहे,” ते म्हणाले, आणि पंचनामा पुढे चालू झाला.

निष्कर्ष साधा होता. पेट्रोलियमच्या साठ्याला जे नियम, तेच घाण्याला. बाईंनी आपत्कालीन आराखडा सादर करावा, दोन होड्या सज्ज ठेवाव्यात, गच्चीवर हेलिकॉप्टर उतरण्याची सोय करावी, आणि साठ्यापासून सुरक्षित अंतरावर कोणीही राहत नसल्याची हमी द्यावी. महिनाअखेर पूर्तता न झाल्यास घाण्याला सील. बाईंचे सगळे कुटुंब घाण्याच्या माडीवरच राहत होते.

“होडी कुठे ठेवायची गं सूनबाई? माझ्या खाटेखाली?” सासूबाईंनी विचारले.

“आई, तुम्ही जरा गप्प बसा.”

“बसते की. हेलिकॉप्टर आलं की सांग, म्हणजे वाळत घातलेले कपडे काढते.”

बाईंना हसू आले नाही. घाणा सासऱ्यांनी उभा केलेला. सासरे गेले तेव्हा यजमानांना तेलातले ओ की ठो कळत नव्हते. बाईंनीच डोळ्यांत तेल घालून धंदा सांभाळला, दोन मुलांची शिक्षणे केली, गिऱ्हाईक जोडले. तो घाणा आता बंद पडणार होता. दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या थेट खात्याच्या उपसंचालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

उपसंचालक सज्जन होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि खिडकीतून नदीकाठच्या पेट्रोलियम कंपनीच्या टाक्या दाखवल्या. “त्यांच्याकडे बघा. दर पावसाळ्यात गळती होते, पण किती शिस्तीत! आराखडा आहे, होड्या आहेत, रंगीत नकाशे आहेत. त्यांचं तेल नदीत जातं ते नियमानुसार जातं. तुमचं गेलं ते बेशिस्तीनं.”

“अहो साहेब, त्यांच्या तेलात आणि माझ्या तेलात काही फरक आहे की नाही? माझं तेल मी माझ्या सासूला खायला घालते!”

“त्यासाठी वेगळा कायदा आहे,” उपसंचालक गंभीरपणे म्हणाले. पण मुद्दा त्यांच्या मनात घर करून बसला. त्यांनी दोन्ही तेले कायद्यात वेगळी करण्यासाठी समिती नेमली आणि बाईंना पीडित घटक म्हणून सभेला बोलावले.

सभेत एरंडाचे गुऱ्हाळ सुरू झाले. एका तज्ज्ञाने सांगितले की दोन्ही तेले पाण्यावर तरंगतात. दुसऱ्याने सांगितले की दोन्ही पाखरांच्या पिसांना चिकटतात. तिसऱ्याने सांगितले की दोन्हींचा थर जाड झाला की खालचे मासे गुदमरतात. यातले काहीच खोटे नव्हते, आणि म्हणूनच बाईंचा जीव वरखाली होत होता. तज्ज्ञ फरक शोधत होते तो तेलाच्या वागण्यात, आणि नदीत पडल्यावर ते शहाण्यासारखे वागत नाही हे बाईंनाही दिसत होते. शेवटी तेलाचा रंग हा निकष धरावा का, यावर मतदान घेण्याची वेळ आली, तेव्हा बाई ताडकन उठल्या.

“एवढा काथ्याकूट कशाला? जे माणसाच्या पोटात जातं आणि खाल्ल्यावर कुणी तक्रार करत नाही, ते खायचं तेल! झालं!”

तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिले. इतके आटोपशीर कुणाला सुचले नव्हते. उपसंचालकांनी ते वाक्य लघुलेखकाकडून दोनदा वाचून घेतले आणि तीच व्याख्या कायम झाली: मानवी पोटात जाणारे व ज्याविषयी सेवनकर्त्याची तक्रार नाही असे कोणतेही तेल किंवा स्निग्ध पदार्थ. अशा पदार्थांना होडी नको, हेलिकॉप्टर नको, आराखडा नको. सांडले तर भुसा पुरे.

घाणा वाचला. बाईंनी आनंदाने खात्यात प्रत्येकाला तेलाची एक-एक बाटली नेऊन दिली. भेटवस्तू घेणे नियमात बसत नसल्याने ती नमुना म्हणून स्वीकारण्यात आली, आणि पुढच्या महिन्यात खात्याने फेरतपासणीसाठी आणखी नमुने मागवले. बाईंनी तेही दिले. आपले वाक्य कायद्यात छापले गेले याचा त्यांना अभिमान वाटत होता, आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते तोंडपाठ म्हणून दाखवत होत्या. सासूबाई कानावर हात ठेवून माडीवर जात.

पावसाळा आला, आणि पेट्रोलियम कंपनीचा अर्जही आला. आमचे तेल खाद्य म्हणून घोषित करावे, अशी कंपनीची नम्र विनंती होती.

सुनावणी जाहीर होती. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने यावे, अशी सूचना चौकाचौकांत लागली होती. तरी सभागृहात खुर्च्याच जास्त होत्या. बाई मात्र आल्या होत्या. अर्ज ऐकून त्यांना आधी हसू फुटले आणि मग राग आला.

“अहो, ते गाड्यांत घालायचं तेल! ते कोण खातं?”

कंपनीचे वकील मृदू स्वभावाचे होते. “आपण रागावू नका. मला एवढंच सांगा, गेल्या रविवारी आपल्याकडे जेवायला काय होतं?”

“मासे.”

“नदीतले?”

“नदीतलेच. आणखी कुठले परवडतात?”

“त्यांना वास येत होता?”

“येतो थोडा. रॉकेलसारखा. आताशा सगळ्याच माशांना येतो.”

“मग आपण काय केलंत?”

“लिंबू पिळलं.”

“आणि तक्रार?”

“तक्रार कुणाकडे करायची? आणि दरवेळी कोण करत बसतं?”

“म्हणजे केली नाही,” वकील म्हणाले आणि उपसंचालकांकडे वळले. “साहेब, आमचं तेल नदीत जातं, नदीतून माशात जातं, माशातून नागरिकांच्या पोटात जातं. गेली कित्येक वर्षं बिनतक्रार जातं. व्याख्येत आणखी काय हवं?”

बाई खुर्चीवरून उठल्या. “साहेब, मी असं म्हटलं नव्हतं! खोडा ती व्याख्या!”

“खोडतो की,” उपसंचालक म्हणाले. ते खरोखरच सज्जन होते. “पण खोडली तर सगळ्यांसाठीच खोडावी लागेल. मग तुमचा घाणा पुन्हा पेट्रोलियममध्ये. होड्या घेतल्यात का तुम्ही?”

बाई उभ्याच राहिल्या. डोळ्यांपुढे घाणा आला, माडी आली, सासूबाईंची खाट आली. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिले तापेपर्यंत वाटली. मग त्या खाली बसल्या.

“आणखी कुणाची हरकत?” उपसंचालकांनी विचारले. रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीनेही हात वर केला नाही. अर्ज मंजूर झाला. कंपनीने त्याच आठवड्यात होड्या विकल्या आणि काठावर भुशाची दोन पोती ठेवली.

रविवारी बाईंनी मासे तळले, आपल्या घाण्याच्या शुद्ध तेलात. सासूबाईंनी घास तोंडाशी नेला आणि थांबवला.

“फारच वास येतोय गं आज.”

“खा, आई. आता ते खाद्य आहे.”

“कुणी ठरवलं?”

एरवी तोंडपाठ असलेले वाक्य त्या दिवशी बाईंना आठवेना. त्यांनी लिंबू चिरले आणि अर्धी फोड सासूबाईंच्या ताटात ठेवली. सासूबाईंनी सुनेकडे पाहिले आणि फोड उचलून पिळली.

वर्षअखेरच्या अहवालात खात्याने नमूद केले आहे की शहरात लिंबाचा खप दुप्पट झाला असून तक्रारींची संख्या शून्यावर स्थिर आहे. यावरून नागरिक समाधानी असल्याचे दिसते.

बाईंना नावे ठेवायला हरकत नाही. स्वतःच्या घाण्यासाठी त्या गप्प बसल्या हे खरेच आहे. पण सुनावणीची सूचना तुमच्याही चौकात लागली होती, आणि सभागृहातली एक रिकामी खुर्ची तुमची होती. तुम्हाला त्या दिवशी काम असेल. असू दे. फक्त काल जेवताना तुम्ही लिंबू कशावर पिळले, तेवढे आठवून बघा.