जबड्याखालची चौकी

दाढी करताना वस्तरा जबड्याखाली अडखळला आणि त्याबरोबर त्रुटीरावांचा जीवही. चाचपून पाहिलं, तर चांगली वाटाण्याएवढी गाठ.

"अगं, संपलं सगळं," ते आरशासमोरूनच म्हणाले. "शनिवारी नातीला बघायला तू एकटीच जा."

"किडकी दाढ दोन वर्षं ठणकतेय," बायको आतून म्हणाली. "तिचाही अर्ज तुम्ही प्रलंबित ठेवलाय. मुकाट्यानं दातांच्या डॉक्टरांकडे चला."

त्रुटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीच्या आवक खिडकीवर ते एकोणीस वर्षं बसत होते आणि तिथून पहिल्या फेरीत आत गेलेला कागद अजून कुणाच्या पाहण्यात नव्हता. समास कमी, घडी वाकडी, शाई निळी. लाल पेन्सिल टेकली की माणूस घरी आणि कागद कपाटात.

डॉक्टरांनी आधी दाढ पाहिली, मग गाठ दाबली.

"ही गाठ म्हणजे दुखणं नाही, चौकी आहे. शरीरात रक्तासारखाच आणखी एक प्रवाह असतो, लसीकेचा. रक्तातून पाझरलेलं पाणी गोळा करून तो परत रक्तात नेऊन सोडतो. वाटेत अशा शेकडो चौक्या. त्यांत पांढऱ्या पेशींचा पहारा. दाढेतले जंतू इथे अडवलेत. झुंज चाललीय, म्हणून सुजलीय. देवानं अष्टौप्रहर जागणारे पहारेकरी दिलेत हो, आणि आपण त्यांना साधा नमस्कार करत नाही!"

त्रुटीरावांचा ऊर भरून आला. "म्हणजे अगदी माझ्यासारखेच! मीही कुणाला आत सोडत नाही."

"कुठे असता?"

"आवक खिडकीवर."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा थबकला. "दवाखान्याच्या पाटीचा माझा अर्ज अकरा महिने तिथेच आहे." मग फार गोड आवाजात ते म्हणाले, "चौकी चोराला धरते, रावसाहेब. बाकीचा प्रवाह पुढे जाऊ देते. तो तुंबला, तर हातपाय सुजून खांबासारखे होतात. आणि कधीकधी पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून बडवायला लागतो. तेव्हा औषध पहारेकऱ्याला द्यावं लागतं. आ करा."

दाढ निघाली. आठ दिवस विश्रांतीचा दाखला मिळाला. ताप नसेल तर ती विश्रांती नातीजवळ घ्यायलाही डॉक्टरांची हरकत नव्हती. आता राहिला फक्त रजेचा अर्ज. तो त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत साहेबांच्या टेबलावर पोहोचायला हवा होता. आणि वाट एकच, आवक खिडकी.

खिडकीवर त्यांच्या जागी टंकलेखिका बाई बसल्या होत्या.

"दोन बोटं समास सोडायचा असतो, काका."

"अगं, हा नियम मीच काढलाय!"

"म्हणून तर पाठ आहे. आणि दाखल्याची प्रत जोडलेली नाही."

प्रत आणली, तर टाचणी उजव्या कोपऱ्यात. टाचणी फिरवली, तर जेवणाची सुट्टी. गालात कापसाचा बोळा आणि हातात अर्ज, असे त्रुटीराव आयुष्यात प्रथमच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते. तिथे बाकडं नव्हतं. ते हलवायचा आदेशही त्यांचाच.

चार वाजता बाई कंटाळल्या. "काका, तुम्हीच बसा आणि तुमचा तुम्हीच घ्या बाई."

ते आत बसले. अर्ज समोर ठेवला, शिक्का उचलला. पण हाताला वळण ते वळण. सुजलेला जबडा धरून केलेली सही वाकडी आली होती. "नोंदीतल्या सहीशी जुळत नाही," ते पुटपुटले आणि लाल पेन्सिल कागदावर टेकली.

तेवढ्यात बायकोचा फोन. "निघालात का? लेक विचारतेय. पोरगी आज पहिल्यांदा हसली म्हणे."

त्रुटीराव पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिले. घरच्याच माणसाला बडवणारा पहारेकरी! औषध कुणाला द्यायचं, ते डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं.

त्यांनी पेन्सिल खणात टाकून खणाला कुलूप लावलं आणि आपल्या अर्जावर शिक्का मारला. मग हात थांबेना. डॉक्टरांच्या पाटीच्या अर्जावर एक मारला. मग विधवेचं निवृत्तिवेतन, शाळेचं छप्पर, नळाची जोडणी. सहा वाजेपर्यंत एकोणीस वर्षांची कपाटं रिकामी झाली आणि शिपाई गठ्ठे वाहून वाहून घामेजला.

मंगळवारी ते लेकीच्या घरी नातीला मांडीवर घेऊन बसले होते. गाठ जवळजवळ जिरली होती. नातीनं त्यांचा अंगठा असा धरला होता, की सोडवायची त्यांची हिंमत होईना. फोन वाजला. साहेब होते.

"अहो, हे काय करून ठेवलंत? सगळे कागद माझ्या टेबलावर आलेत! यांचं करायचं काय असतं?"

"वाचायचे असतात, साहेब," त्रुटीराव नम्रपणे म्हणाले. "मग सही करायची."

पलीकडे गठ्ठे सरकवल्याचा आवाज आला. मग साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, "मला जरा तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्या. सकाळपासून माझ्याही गळ्याशी गाठीसारखं काहीतरी लागतंय."