रोबोटची शाखा आणि तात्यांचा तपास

“मी सांगेपर्यंत अर्जाला हात लावू नकोस! खरी शाखा कोणती, ते मी आज चारच्या आत शोधून काढतो की नाही बघ!” असं लेकीला बजावून तात्या छाती पुढे काढून कामावर निघाले.

तात्या कारखान्यात स्टोअरकीपर. स्क्रू मागायला आलेला माणूस त्या स्क्रूचं नेमकं काय करणार आहे, हे कळल्याशिवाय त्यांनी बावीस वर्षांत एकही स्क्रू हातचा सोडला नव्हता. पाठीमागे सगळे त्यांना शंकासुर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं, याचाही त्यांनी तपास लावला होता!

लेकीला रोबोट बनवायचे होते. पण तिला मिळण्यासारख्या कॉलेजात रोबोटिक्सची वेगळी शाखाच नव्हती. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर, यांतली एक धरून पुढे जायचं. अर्ज संध्याकाळी पाचला बंद. चुकला की वर्ष बुडालं.

“बाबा, मी ठरवते ना!” लेक सकाळी म्हणाली होती.

“तू भोळी आहेस. तुला कुणीही गंडवेल.”

कारखान्यात खोकी उचलणारा एक रोबोट होता आणि त्याची देखभाल करणारे तिघे. तात्यांनी एकेकाला गाठलं.

फिटर म्हणाला, “मेकॅनिकल? नको हो तात्या! इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला सांगा.”

वायरमन म्हणाला, “इलेक्ट्रॉनिक्स? छे! कॉम्प्युटरवाल्यांची मजा आहे.”

प्रोग्रामर म्हणाला, “कॉम्प्युटर नको काका, डोळ्यांची वाट लागते. मेकॅनिकलच बरं.”

तात्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिघेही आपापली शाखा लपवतायत! पोरीनं उद्या येऊन खुर्ची बळकावू नये म्हणून! नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. यांच्या तोंडून खरं निघणार नाही, तर हातून काढायचं. रोबोट बंद पाडायचा आणि तो कोण चालू करतो ते बघायचं. जो चालू करेल, त्याची शाखा!

रोबोटभोवती जाळीचा पिंजरा होता. त्याचं दार उघडं राहिलं तर रोबोट जागच्या जागी थांबे. दोन वाजता तात्यांनी खोक्यांच्या आडचं मागचं दार इंचभर उघडून फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. रोबोट हात वर करून थिजला.

तिघे धावत आले. त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायला सोयीची जागा एकच होती, रोबोटच्या नियंत्रण पेटीसमोर. तात्या तिला पाठ टेकून, हातांची घडी घालून उभे राहिले. पेटीच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती. पण ती तात्यांच्या रुंद पाठीआड गेली.

“तात्या, जरा सरका,” वायरमन म्हणाला.

“का? मला कशाला हटवतोस? स्टोअरचे सुटे भाग आत चाललेत. जबाबदारी माझी आहे. मी इथून हलणार नाही!”

“काका, लॅपटॉप जोडायचाय. जोडायची जागा तुमच्या पाठीमागे आहे,” प्रोग्रामर म्हणाला.

“अस्सं! म्हणजे मागे काय करतोस ते मला दिसायला नको!”

शेवटी फिटरनं रोबोटचा कोपर उघडला, वायरमननं होते नव्हते ते फ्यूज बदलले आणि प्रोग्रामर कंपनीला फोन लावत बसला. तीन वाजता फिटरनं वायरमनला दोष दिला, साडेतीनला वायरमननं प्रोग्रामरला. चारला तिघेही एकमेकांच्या अंगावर धावले. मॅनेजरसाहेब येऊन आणखी मोठ्यानं ओरडले. खोक्यांचा ढीग छताला भिडायला आला. तात्या घामाघूम झाले, पण जागचे हलले नाहीत.

साडेचारला लेक फोन हातात घेऊन धापा टाकत आली. “बाबा, अर्धाच तास उरलाय! सांगा लवकर!”

“थांब! अजून कुणाचंच सिद्ध झालेलं नाही!”

तेवढ्यात सांडलेलं तेल पुसत सफाईवाल्या मावशी आल्या. “तात्या, पाय उचला.” मावशींना कुठली शाखाच नव्हती, म्हणून तात्या निःशंकपणे बाजूला झाले.

पडद्यावर लिहिलं होतं: ‘मागचे दार उघडे आहे.’

फिटर मागे गेला आणि पुठ्ठा घेऊन आला. शिक्का मारल्याशिवाय तात्या स्टोअरमधून काहीच बाहेर सोडत नसत. पुठ्ठ्यावर स्टोअरचा निळा शिक्का होता, खाली आजची तारीख आणि त्यांची झोकदार सही!

“तात्या,” साहेब दातओठ खात म्हणाले, “उद्या सकाळी लेखी खुलासा!”

“बाबा! माझं वर्ष गेलं असतं!” लेकीला रडू फुटलं.

“अगं, हे तिघे आपापली शाखा लपवत होते!”

“लपवायचं काय त्यात?” फिटर हात पुसत म्हणाला. “वाकून वाकून माझी कंबर गेली. तुमची लेक ती आमची लेक. तिची कंबर कशाला घालवू?” बाकीच्या दोघांनीही मान हलवली.

लेकीनं डोळे पुसले. “बाबा, मला तुमच्यासारखं स्टोअरकीपर व्हायचंय म्हटलं असतं, तर चाललं असतं तुम्हाला?”

“मुळीच नाही!” तात्या ओरडले. मग तिघांकडे बघून त्यांनी मान खाली घातली. त्यांना फार लाज वाटली.

लेक एका खोक्यावर बसली आणि तिनं फोनवरच अर्ज भरला. इलेक्ट्रॉनिक्स! “दार उघडं आहे, हे त्या रोबोटला कळलं कसं, ते मला शिकायचंय,” ती म्हणाली. पाचाला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला. तात्यांच्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर लेकीनं तात्यांचा खुलासाही सुबक अक्षरात लिहून दिला. तात्यांनी तो तीनदा वाचला, दिव्यासमोर धरला, उलटा करून पाहिला.

“सही करा ना बाबा! काय चुकलंय?”

“चुकलेलं काही नाही गं,” तात्या ओशाळून म्हणाले, “पण हा मी लिहिलाय, असं साहेबांना पटायचं नाही. यात शंका एकही नाही!”