मनकर्णाबाईंच्या आठशें बारा दाखल्यांची हकीकत

श्रीसूक्ष्मदर्शिनी देवी प्रसन्न असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख शुद्ध षष्ठी. कर्करोगाचे सुभ्यात दाखल्यांची मोजणी जाहली, तीत काय घडले ते चार जणांनी पुसिले. त्यास डोळां देखिले ते लिहितो, कानी आले तेही लिहितो, आणि ठाऊक नाही तेथे नाही म्हणतो.

राज्याची रीत ऐसी की, पंडिताने निबंध छापावा आणि दुसऱ्या पंडिताने आपल्या निबंधाचे तळाशी त्याचे नाव घालावे, त्यास दाखला म्हणत. ज्याचे दाखले नऊशेंवर आणि सर्वांहून अधिक त्यास सुभा, म्हणजे प्रयोगशाळा आणि शीतपेटीतल्या पेशी. नऊशेंखाली उतरला की सुभा दुसऱ्यास. सुभेदार मनकर्णाबाई टिपरे बारा वर्षे सुभा राखून होत्या. रोग्यांच्या गाठींतून पेशी काढाव्या, भांड्यात वाढवाव्या, औषध घालून मरतात की जगतात ते पाहावे, हाच उद्योग, आणि चहा गार होई तो होई. यंदा दाखलेनवीस विसाजीपंत मोजावयास बसले, तो निबंध एकसष्ट आणि दाखले अकराशें चाळीस भरले, आणि सुभा राहिला म्हणून प्रयोगशाळेत पेढे वाटिले. परंतु विसाजीपंत मोठे चौकस! त्यांस चैन पडेना, की आठशें बारा दाखले एकट्या एका निबंधास, हे गौडबंगाल काय? मग दाखलेनविसीत आजवर कोणी केले नव्हते ते त्यांनी केले, निबंध उघडोन वाचिला, आणि तसेच उठोन बाईंकडे गेले.

"बाईसाहेब, यात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी औषधाने मेल्या म्हणता. आणि दोन वर्षांनी आपणच दुसरा निबंध लिहिलात की हा चुकला?"

"चुकलाच. भांड्यांची अदलाबदल झाली हो! त्या पेशी यकृताच्या निघाल्या. कळल्याबरोबर छापून टाकलं."

"त्या दुसऱ्यास दाखले किती, ठाऊक आहे? नऊ!"

बाई हसल्या. विसाजीपंतांनी दाखले देणारांस पत्रे धाडिली, की आपण निबंध वाचिला काय? बहुतेकांची उत्तरे एकच, की आधीच्या निबंधात नाव होते, तेथून उतरून घेतले, वाचावयास फुरसत कोणास! आम्ही ती उत्तरे स्वतः चाळिली, आणि हसावे की रडावे ते कळेना.

मग दरबार भरला आणि राज्याचे स्वामींनी आज्ञा केली, "आठशें बारा धरावे की वगळावे, ते बाईंनीच सांगावे." विसाजीपंत हळूच कानाशी लागले, "बाईसाहेब, गप्प राहा. चूक की बरोबर हे कायदा विचारत नाही. दाखला तो दाखला." बाई उठोन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वगळा. भांडं खोटं होतं. त्याच्या भरवशावर लोक अजून औषधं शोधतायत." वगळिता तीनशें अठ्ठावीस उरले, आणि सुभा निळोपंत धायगुडे यांस दिला, त्यांचे दाखले नऊशें तीस. विसाजीपंत बाहेर येऊन रडले. आम्हासही फार वाईट वाटले, लपवावे कशास?

निळोपंत किल्ल्या घ्यावयास आले. माणूस भला, संकोचाने दारातच उभे राहिले. बाईंनी किल्ल्या मेजावर ठेविल्या आणि सहज पुसिले, "स्तनाच्या पेशी कुठल्या वापरता?"

"आपल्याच की! नऊ वर्षांपूर्वी आपल्या प्रयोगशाळेतून मागवल्या होत्या."

बाईंनी कपाळास हात लाविला. "अहो, माझा दुसरा निबंध वाचला नाहीत?"

निळोपंत आत येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझं सगळं फुकट?"

"फुकट कशाने? यकृताचं म्हणून पहिल्यापासून बघू. आणा ते भांडं इकडे."

दुसरे दिवशी निळोपंतांनी स्वहस्ते हुजूर अर्ज लिहिला की त्या पेशींवरील आपल्या निबंधांचे सातशें दाखले वगळावे. आता राज्यात नऊशेंचा धनी एकही उरला नाही, आणि स्वामी तो अर्ज उलटसुलट करून पाहतात.

येणेप्रमाणे मोजणी जाहली. दोघे एकाच सूक्ष्मदर्शकात आळीपाळीने पाहतात आणि भांडतात. सुभा कोणाचा ते अद्याप ठरले नाही. पेशी कशाच्या ते मात्र ठरले.